जानेवारीतली प्रार्थना

डोंगरातल्या कोचकोर गावच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक मेदेर रोज सकाळी सहाला आपल्या माणसांसाठी प्रार्थना करायचा आणि ती फोनवर बोलून सगळ्यांना पाठवायचा. सात वर्षांपूर्वी हे व्रत त्यानं आपणहून घेतलं होतं, कुणी गळ्यात बांधलं नव्हतं. उन्हाळा आला की मंडळीतली निम्मी माणसं घोडी-मेंढरं घेऊन वर जैलूवर जातात आणि तीन-चार महिने तिथल्या कुरणावरच यर्ट, म्हणजे लोकरीच्या नमद्याचे गोल तंबू, ठोकून राहतात. त्यांना रविवारची उपासना कुठून मिळणार? निदान पाळकाचा आवाज तरी पोचावा, एवढाच त्याचा हेतू होता. लोकांना त्या आवाजाची सवय लागली. दूध काढताना, नान भाजताना ऐकायचे आणि खाली एकेक जण ‘आमेन’ लिहायचा.

ऑगस्टातल्या एका बुधवारी मेदेरची बायको जिपार नाश्त्याला बसली होती. एका हातानं नानवर साय फासता फासता दुसऱ्या हातानं तिनं त्या दिवशीची प्रार्थना लावली. मेदेर समोर चहा फुंकत होता. त्याला इस्पितळात आजाऱ्यांना भेटायला जायची घाई होती.

फोनमधून त्याचाच आवाज आला. “प्रभू, आमच्या जोल्चू आताची छाती मोकळी कर. त्याचा श्वास त्याला परत दे. वसंतात तो पुन्हा घोड्यावर बसलेला आम्हाला दिसू दे...”

जिपारचा सुरी धरलेला हात जागच्या जागी थांबला.

म्हाताऱ्या पुरुषाला इकडे मानानं ‘आता’ म्हणतात, आणि हा जोल्चू आता तर मार्चमध्येच वारला होता. त्याला माती द्यायला पुढे उभा होता तो मेदेरच.

फोन चालूच होता. प्रार्थनेच्या मागे कोळशाची शेगडी तडतडत होती आणि मध्येच लांबून एक बाई ओरडली, “अरे, बादली कुठे ठेवलीस? कोळसा संपलाय!” ती बाई म्हणजे खुद्द जिपार.

“मेदेर,” ती हळूच म्हणाली, “आज सकाळी मी कोळसा मागितला होता का रे?”

मेदेरनं कप खाली ठेवला. त्यानं फोन ओढून घेतला. एकतीस जणांनी ऐकून झालं होतं. खाली आमेनची रांग लागली होती. त्या रांगेत सगळ्यात वर नाव होतं बुरुल अपाचं, म्हणजे म्हाताऱ्या बुरुलबाईंचं, जोल्चू आताच्या विधवेचं. वेळ सहा वाजून चाळीस मिनिटं. पुढे-मागे एक शब्द नाही, नुसतं ‘आमेन’.

त्याच्याखाली टॅक्सीवाल्या एसेननं लिहिलं होतं, ‘दादा, आताला घोड्यावर बसवायचं तर मी फावडं घेऊन येऊ का?’ एसेनची जीभ पहिल्यापासून तिखट होती, पण आज त्याला दोष द्यायला तोंड कुठे होतं?

मेदेरनं घाईघाईनं ती प्रार्थना सगळ्यांच्या फोनवरून पुसून टाकली. चोरी झाकायला जावं आणि त्यातच पकडलं जावं, तसं झालं. ज्यांनी ऐकलं नव्हतं तेही विचारायला लागले, ‘काय पुसलं? कशाला पुसलं?’

“कधीपासून चाललंय हे?” जिपारनं विचारलं.

“मार्चपासून.”

“मार्च!” तिनं सुरी बाजूला ठेवली. “रोज सकाळी ह्याच खोलीत डोळे मिटून मी तुझी प्रार्थना ऐकायचे. मला वाटायचं, भिंतीपलीकडे तू गुडघ्यावर असशील. आणि तू काय करत होतास?”

“पडून असायचो,” मेदेर म्हणाला.

“आणि मी इथे आमेन लिहायचे.” तिचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. “इस्पितळ उद्याही आहे. वर जा. बुरुल अपाच्या समोर जाऊन बस. फोनवरून माफी मागशील तर मी तुला घरात घेणार नाही.”

मेदेर वाईट माणूस नव्हता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. आळशी तर मुळीच नव्हता. दिवसभर बैलासारखा राबायचा. कुणाला रक्त लागलं तर मेदेर, कुणाचा नवरा पिऊन रस्त्यात पडला तर मेदेर, कुणाच्या घरी कोळसा पोचवायचा तर त्याचीच खिळखिळी लाडा गाडी. जोल्चू आता गेला तेव्हा गावच्या कबरस्तानात त्याला जागा मिळेना. त्यानं बापजाद्यांची मुसलमानी वाट सोडली, आता त्यानं आपली जागा बघावी, असं गावातली वडीलधारी म्हणाली. तीन दिवस मेदेर दारोदार फिरला, हातापाया पडला, भांडला, शेवटी पलीकडच्या भिंतीच्या कडेला एक कोपरा पदरात पाडून घेतला. जमीन गोठून दगड झाली होती. तिच्यावर आधी कोळसा पेटवून ती मऊ करावी लागली, मग आताचा मुलगा तिलेक आणि मेदेर यांनी पहारी मारून मारून खड्डा खणला. त्या कडेला उभं राहून मेदेर जे बोलला, ते ऐकून विरोधातल्या दोन म्हाताऱ्यांनीही टोप्या काढल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो फोन घेऊन पलंगावर बसला, तोंड उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. दुःखही नव्हतं. पाच मिनिटं तसाच बसून राहिला. मग फोनमध्ये साठवलेली डिसेंबरातली एक प्रार्थना त्याच्या नजरेला पडली. एक दिवस चालून जाईल, असं म्हणून त्यानं ती पाठवली. एक्केचाळीस आमेन आले. एकानंही ओळखलं नाही. मेदेरला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, की आपल्या ताज्या आणि शिळ्यात ह्या लोकांना काहीच फरक कळत नाही.

मग दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. महिन्याभरात अंगठ्याला सवय झाली. सहाला पाच कमी असताना अंगठा यादीवरून फिरायचा, एखादी निवडायचा, पाठवायचा, आणि मेदेर पुन्हा कुशीवर वळायचा. पवित्र शास्त्र तो रविवारच्या प्रवचनापुरतं उघडायचा, दुकानदारानं दुकानाची फळी उघडावी तसं. स्वतःसाठी म्हणून देवापुढे बसणं बंदच झालं होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण पोहरा रोज वर काढून दाखवायची त्याला खोड लागली होती, आणि लोकही रिकाम्या पोहऱ्याला ओंजळ लावत होते. कोणती प्रार्थना पाठवतोय ती आधी ऐकून बघावी, एवढेही कष्ट तो आताशा घेत नसे.

लाडा घाट चढत होती आणि मेदेर मनातल्या मनात बोलणी जुळवत होता. ‘अपा, बोट घसरलं. जानेवारीतलं जुनं साठवलेलं होतं, त्यावर चुकून बोट पडलं.’ ह्यात खोटं काय होतं? बोट पडलंच होतं. दोन वळणं गेल्यावर त्यानं ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. तिसऱ्या वळणावर थोडा आवंढा घातला. आपण आवंढ्याची तालीम करतोय, हे लक्षात आल्यावर त्याला आरशात बघवेना. तरी त्यानं बोलणी काही बदलली नाहीत.

सोन-कुलच्या तळ्याकाठी बुरुल अपाचं यर्ट होतं. सत्तरीची म्हातारी दाराशी बसून पखालीतलं कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, घुसळत होती. मेदेरला बघून तिनं घुसळणं थांबवलं नाही, नुसती मान हलवली.

“आलास? ये. सायरा, चहा टाक गं. पाळक आलाय.”

सून सायरा आतून पुढे आली, नमस्कार केला, आणि मेदेरकडे नीट न बघताच परत आत गेली. तिलेक घोड्यांच्या मागे लांब गेला होता. मेदेर अपाच्या समोर गवतावरच बसला. मानाची जागा आत असते, पण आत जायची त्याची छाती झाली नाही.

“अपा, आज सकाळी...” त्यानं घाटात घोटलेलं सगळं म्हणून टाकलं. आवंढासुद्धा ठरल्या जागी आला.

अपा घुसळत राहिली. “बोट घसरलं?”

“हो, अपा.”

“हं. आणि जुलैत घसरलं होतं ते?”

मेदेरनं एकदम वर बघितलं.

“मला कमी दिसतं, बाळा. कान अजून माझेच आहेत. जुलै महिना. खाली कोचकोरात लोक कलिंगडं खातायत, आणि आमच्या पाळकाच्या घरात शेगडी तडतडतेय. मी सायराला म्हटलं, अगं, मेदेरच्या अंगात भलतीच थंडी भरलेली दिसतेय. सायरा म्हणाली, आजारी असतील. मी म्हटलं, असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेगडी. एके दिवशी तर तू म्हणालास, ‘प्रभू, ह्या बर्फात आमचे रस्ते मोकळे ठेव.’ आम्ही इकडे माशा मारत होतो.”

आत सायरा खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली.

मेदेरच्या कानशिलापासून मानेपर्यंत आग पसरली. त्याला वाटत होतं, आज सकाळी चोरी उघडी पडली. ह्या म्हातारीपुढे तर ती सबंध उन्हाळाभर उघडी पडून होती, आणि तो मात्र अंगभर कपडे आहेत असं समजून हिंडत होता.

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? म्हातारीनं पाळकाला विचारायचं, की बाबा, तुझी शेगडी का पेटलीय? वाट बघत होते. म्हटलं, सांगेल कधीतरी. आणि आज सांगायला आलास, तर बोट घसरलं म्हणतोस.”

“नाही घसरलं,” मेदेर म्हणाला. “मी खोटं बोललो. वर येताना वाटभर पाठ करत आलो.”

“ते कळलं मला. फार छान बोललास.”

ह्याच्यापेक्षा तिनं घुसळायचा दांडा काढून पाठीत घातला असता तर बरं झालं असतं. तो मान खाली घालून गवत उपटत राहिला. मग त्यानं विचारलं, “माझ्यावर रागावलात, अपा?”

“रागावले. पाठवलंस त्यावर नाही. पुसलंस त्यावर.” आता तिनं घुसळणं थांबवलं. “मार्चपासून सगळे त्याचं नाव कसं घेतात? बिचारा जोल्चू. गेलेला जोल्चू. आणि आज सकाळी तू म्हणालास, आमच्या जोल्चू आताची छाती मोकळी कर. जणू तो आत यर्टात खोकत बसलाय. एकदा ऐकलं, रडले. दुसऱ्यांदा ऐकलं, तर बरं वाटायला लागलं. तिसऱ्यांदा ऐकायला बोट लावलं, तर नाहीसंच झालं. थडग्यात तो एकदा गेला होता, तू दुसऱ्यांदा नेलास.”

मेदेरला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. सकाळी पुसताना त्याच्या मनात ही म्हातारी नव्हतीच. एकतीस माणसं होती, एसेनची तिखट जीभ होती, स्वतःचं नाव होतं.

“माझ्या फोनमध्ये आहे अजून,” तो कसाबसा म्हणाला.

“मग काढ की. काय मुहूर्त बघतोस?”

त्यानं फोन दोघांच्या मध्ये गवतावर ठेवला. सायराही बाहेर येऊन दारात टेकली. शेगडी तडतडायला लागली. मग तो आवाज आला, आणि मेदेरनं तो मार्चनंतर पहिल्यांदाच नीट ऐकला. तो माणूस घाईत नव्हता. शब्द शोधत होता, मध्ये अडखळत होता. “वसंतात तो पुन्हा घोड्यावर बसलेला आम्हाला दिसू दे,” म्हणून झाल्यावर तो हळूच म्हणाला, “आणि तुला तसं करायचं नसेल, तर बुरुल अपाला एकटी सोडू नकोस. मलाही तिला एकटी सोडू देऊ नकोस.” मग जिपारचं कोळशासाठी ओरडणं, आणि त्या माणसाचं हसणं. हसता हसताच त्यानं आमेन म्हटलं होतं.

फोनमधल्या त्या माणसाचा मेदेरला हेवा वाटला. मग त्याची लाज वाटली. मग त्या माणसासमोर स्वतःची इतकी लाज वाटली, की त्याला मान वर करवेना. मलाही तिला एकटी सोडू देऊ नकोस, असं मागितलं होतं त्यानं. आणि मार्चपासून आजपर्यंत तो अपाच्या दाराशी एकदाही गेला नव्हता. रोज आवाज पाठवत होता ना!

अपानं डोक्याच्या रुमालाच्या टोकानं नाक पुसलं. “पुन्हा लाव.”

त्यानं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

मग ती उठली, गुडघे दाबत. “सायरा जेवण करतेय. तोवर तू त्या टेकाडावर जाऊन ये. फोन तिथेच लागतो. बाकीच्यांनाही सांगून टाक.”

“काय सांगू?”

“मला सांगितलंस ते. पहिल्यांदा सांगितलंस ते नाही, दुसऱ्यांदाचं.”

टेकाड दिसायला जवळ होतं, चढायला उभं. अर्ध्यावर मेदेरला धाप लागली आणि तो थांबला. पायाखाली बघितलं, तर गवतातून एक बारीक पायवाट वर गेली होती, ताजी, एकाच माणसाच्या पायांची. वर एक सपाट दगड होता आणि त्यावर नमद्याचा एक तुकडा घडी घालून ठेवला होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर लहान धोंडा होता. बुरुल अपा रोज सकाळी इथे चढून येत होती. गुडघे दाबत, गारठ्यात, सहा चाळीसच्या आत. शेगडी तडतडतेय हे कळल्यावरसुद्धा येत होती. आणि त्या वेळी खाली कोचकोरात तो कुशीवर वळून झोपलेला असायचा.

तो त्या नमद्यावर बसला नाही. शेजारी जमिनीवर बसला आणि फोन तोंडाजवळ धरला.

“प्रिय बंधूंनो आणि बहिणींनो, आपण सारे मातीची भांडी आहोत...” त्यानं ते पुसलं. आपल्याबरोबर त्यांनाही कशाला मातीत ओढायचं? दुसऱ्यांदा बोलायला लागला तर आवाज इतका सुरेख कापला, की त्याचा त्यालाच संशय आला. तेही पुसलं. तिसऱ्या खेपेला जोल्चू आताच्या थडग्यापासून सुरुवात केली, आणि मध्येच कळलं की आपण दया मागतोय. पुसलं. सात वर्षं ज्याचं बोलणं लोक कान देऊन ऐकत होते, त्याला चार सरळ वाक्यं जुळेनात.

शेवटी तो एवढंच बोलला, “मी मेदेर. मार्चपासून मी तुम्हाला जुन्या प्रार्थना पाठवतोय. सकाळी नुसतं बोट लावायचो आणि झोपायचो. तुम्ही आमेन लिहीत होतात आणि मी तुम्हाला फसवत होतो. जोल्चू आता गेल्यापासून मला प्रार्थना करता येत नाही. उद्या सकाळी काही येणार नाही.”

पाठवलं. पुसायला अंगठा शिवशिवला, म्हणून फोन खिशात टाकला आणि तो ताडताड उतरू लागला. कुणी काय लिहिलं ते बघायची हिंमत नव्हती. खाली फोन लागणारच नव्हता. कदाचित येत्या रविवारी खोलीत तो आणि जिपार दोघंच असतील. कदाचित जिपारही नसेल.

तिलेक परतला होता. मेदेरला बघून त्यानं हात पुढे केला आणि नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ हातात ठेवला. त्याला कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे. अपानं मेदेरला मानाच्या जागी बसवलं. तो नको नको म्हणाला, पण ऐकेल ती बुरुल अपा कसली! गरम बोरसोक, म्हणजे तळलेले कणकेचे गोळे, आले, साय आली, उकडलेलं मटण आलं. अपानं स्वतःच्या हातानं चांगला तुकडा त्याच्या ताटात टाकला. मेदेर जेवला. इतकी भूक त्याला बऱ्याच दिवसांत लागली नव्हती, आणि तिचीही त्याला लाजच वाटली.

जेवण झालं की दुवा दिल्याशिवाय दस्तरखानावरून, जेवणाच्या पसरलेल्या कापडापासून, कुणी उठत नाही. चौघांनी तळवे उघडून समोर धरले. दुवा द्यायची ती घरातल्या वडील पुरुषानं, आणि पाळक बसलेला असेल तर पाळकानंच. तिघंही त्याच्याकडे बघत होती. त्याच्या जिभेवर शब्द आपोआप आले, शेकडो दस्तरखानांवर म्हटलेले: तुमचे गोठे भरोत, तुमच्या चुलीचा धूर कधी न...

“तुमचे गोठे...” त्यानं सुरुवात केली आणि थांबला.

तळवे तसेच उघडे होते. बाहेर एक घोडी फुरफुरली. तिलेकनं नजर खाली घातली, सायरानं ओठ दाबले.

“अपा,” मेदेर म्हणाला, “माझ्याकडे काही नाही हो.”

“माहीत आहे,” अपा म्हणाली. “हात खाली घेऊ नकोस.”

आणि मुलगा शेजारी बसलेला असताना, पाळक मानाच्या जागी असताना, तिनं स्वतःचे तळवे थोडे वर उचलले. तिला दुवा द्यायची सवय नव्हती. दोनदा खाकरली.

“प्रभू,” ती म्हणाली, “हा पोरगा आमच्या माणसासाठी थंडीत दारोदार फिरला. गोठलेली जमीन ह्यानं खणली. त्यात ह्याच्याजवळचं सगळं संपलं. आम्हाला दिसलं नाही. दिसलं तेव्हाही मी गप्प बसले आणि रोज सकाळी त्याच्याकडे मागायलाच चढत राहिले. त्याची मला माफी दे. ह्याला झोप दे. ह्याला पोटभर जेवू दे. आणि ह्याला पुन्हा तुझ्याशी बोलू दे. आमच्यासाठी नाही. आमचं आम्ही बघू. त्याचं त्याच्यासाठी.” ती थोडी थांबली. आणखी काही सुचतंय का बघितलं. सुचलं नाही. “आमेन.”

“आमेन,” तिलेक आणि सायरा म्हणाले. सगळ्यांनी रीतीप्रमाणे तळवे चेहऱ्यावरून फिरवून खाली घेतले. सायरानं बोरसोक गोळा केले, भांडी उचलली, दस्तरखानाची घडी घातली. मेदेरचे हात अजून चेहऱ्यावरच होते.